काळं जाकीट आणि पाचवा भाग

३ मार्च
आजपासून रोजनिशी. वाचणारा मी एकटाच, त्यामुळे खोटं लिहायचं कारण नाही.

मी डोळे तपासतो त्या चष्म्याच्या दुकानात एक कॉलेजकुमार फ्रेम बघता बघता मित्राला सांगत होता, शुक्रवारी ‘पोलादपंख’चा पाचवा भाग येतोय. मला राहवलं नाही. म्हटलं, सुपरहिरो पहिल्या भागातच संपतो, पुढचा सगळा शिळ्या कढीला ऊत. नीट समजावून सांगितलं. पोरगा फ्रेम न घेताच गेला. विचार करायला गेला असणार. मालक म्हणाले, तुम्ही डोळे तपासा, सिनेमे तपासू नका. मालकांना कलेतलं कळत नाही.

ठराव: आमची जुनी गँग पुन्हा उभी करायची. कॉलेजात आमचा बँड होता, ‘काळे कावळे’. काळं चामडी जाकीट, खांद्यापर्यंत केस, कमरेला साखळ्या. फोटोत कधी हसायचं नाही. अख्खं गाव टरकून असायचं. (बायको म्हणते, गाव नाही, फक्त तिची मावशी.) आजच्या पोरांकडे असलं काही नाही, म्हणून त्यांना पाचवे भाग लागतात.

४ मार्च
माळ्यावरून जाकीट काढलं. चेन अर्ध्यावर अडते. चामडं पडून राहिलं की आकसतं. शास्त्र आहे.
केस मागून वाढलेलेच आहेत. पुढच्यांनी साथ सोडलीय. चळवळीत असं होतंच.

५ मार्च, दुपार
ड्रमरला फोन. तो आता दातांचा डॉक्टर. योजना सांगितली: शुक्रवारी थिएटरबाहेर पूर्ण पोशाखात उभं राहायचं. सीक्वेलविरुद्ध मूक निषेध. तो म्हणाला, उभं? किती वेळ? मग बेसवाल्याला फोन. त्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. त्याने विचारलं, खुर्ची असेल ना?
ठरावात दुरुस्ती: निषेध बसूनही चालेल.

संध्याकाळ
मुलीला सांगितलं. ती कॉलेजात गेल्यापासून वाय-फायच्या पासवर्डपलीकडे माझ्याशी बोलत नाही. आज बोलली. म्हणाली, बाबा, दुसरा, तिसरा, चौथा भाग बघितलाय का तुम्ही? म्हटलं, विष ओळखायला प्यावं लागत नाही. वाक्य जमलं. तिने कपाळाला हात लावला. म्हणाली, आमचा अख्खा वर्ग तिथे येणारे, प्लीज दुसरं कुठलं तरी थिएटर बघा.
म्हणजे चळवळ सगळीकडे पोचावी असं तिलाही वाटतंय. शुक्रवारी कळेल तिला, बाप काय चीज आहे.

७ मार्च, शुक्रवार
ऐतिहासिक दिवस.
बायकोने पक्कड लावून चेन वर ओढली. पूर्ण श्वास घ्यायचा नाही, एवढीच अट.
ड्रमर आला नाही. कुणाची तरी दाढ. बेसवाला आला, पण जवळून बघितलं तर त्याचं जाकीट निळं, आणि तेसुद्धा स्वेटर. पाच मिनिटं बसला, मग मुलांसाठी म्हणून तिकिटं काढून सहकुटुंब आत. फितूर!
मी एकटा उरलो. आणि चमत्कार! पहिला शो सुटला तशी पोरं माझ्यावर तुटून पडली. सेल्फी, शिट्ट्या. एकजण म्हणाला, काका, एकदा पडून दाखवा ना. म्हटलं, कावळे पडत नसतात. टाळ्यांचा कडकडाट. नव्या पिढीला फक्त दिशा हवी होती.
मुलगी गर्दीच्या मागे उभी. चेहरा लालबुंद. अभिमान असणार.

८ मार्च
चेन उघडली नाही. रात्री जाकिटातच झोपलो. सकाळी बायकोने कात्रीने कापलं.
चहाच्या वेळी मुलीला सहज विचारलं, कालचं कसं वाटलं? तिने सांगितलं. पाचव्या भागात एक म्हातारा गुंड आहे. पुढे टक्कल, मागे केस, जाकीट तटतटलेलं. दर वेळी हिरोला आव्हान देतो आणि कुणी हात लावायच्या आत स्वतःच पाय घसरून पडतो. पोरांना वाटलं, थिएटरने जाहिरातीसाठी माणूस उभा केलाय.
मी चहात बिस्कीट बुडवलं. तीच पुढे म्हणाली, पण बाबा, सगळ्यांना तोच सगळ्यात आवडतो. आणि इतकी हसत सुटली की तोल जाऊन माझ्याच खांद्यावर डोकं टेकलं. मी हललो नाही. चहा निवला.

९ मार्च
मुलीने तिकिटं काढली. फक्त पुरावे गोळा करायला म्हणून गेलो. शेवटी तो म्हातारा हिरोच्या वाटणीचा घाव स्वतः झेलतो, तिथे माझ्या डोळ्यांत काहीतरी गेलं. डोळे हा माझा धंदा आहे, मला कळतं. एसीची धूळ.
पाचवा भाग पहिल्यापेक्षा बरा आहे. हे दुकानात बोलायचं नाही.

१० मार्च
तिच्या कॉलेजच्या स्नेहसंमेलनात पोरं पाचव्या भागातला एक प्रवेश बसवतायत. मुलीने स्वतः विचारलं, बाबा, कराल का? म्हटलं, विचार करून सांगतो. ती दारापर्यंत पोचायच्या आत सांगितलं.
संवाद नाहीत. फक्त पडायचंय. सकाळपासून गादीवर सराव करतोय. डाव्या कुशीवर जास्त चांगला पडतो.