पन्नासावे वचन

मी, पिराजी शिमोन आवळे, वय ६३, धर्माने ख्रिस्ती, धंदा फाउंड्रीसाठी लाकडी साचे करणे, राहणार उद्यमनगरच्या मागे, कोल्हापूर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे.

१९६८ साली केलेले अंगठ्याचे मृत्युपत्र मी रद्द करतो. कायद्याची भाषा त्यावरूनच उतरवली आहे, बाकीची माझी.

कलम पहिले. राहत्या दोन खोल्या व परसातले लिंबाचे झाड पत्नी बयाबाई हिला. तिला तेथून कोणी हलवू नये. एकेचाळीस वर्षे तिने माझे गुपित पोटात ठेवले, ते आज मीच फोडतो. मला वाचता येत नव्हते. आकडे येत, सुताराला ते यावेच लागतात. अक्षर एकही नाही.

ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात आमची मंडळी रोज एकेका घरी बसून शास्त्र, म्हणजे बायबल, वाचते, प्रत्येकी एक वचन, पाळीपाळीने. जागा ठरलेल्या. मी आदल्या दिवशीच माणसे मोजून माझा आकडा काढायचो आणि बयाबाई तेवढे वचन पाठ करून घ्यायची. पुस्तक उघडे धरून मी ते म्हणायचो. आधी काय, पुढे काय, भीतीपायी कानांत शिरतच नसे.

गेल्या वर्षी मार्काच्या शुभवर्तमानाचा दहावा अध्याय होता, आंधळ्या बार्तीमयाची गोष्ट. माझे पन्नासावे: आंधळा झगा टाकून उठतो आणि येशूकडे येतो. माझ्या आधीच्या बनाबाईंना खोकल्याची उबळ आली, त्यांनी हातानेच पुढे चला म्हटले. पाळी एकोणपन्नासाव्यालाच माझ्यावर आली. मी आपले ठणकावून पन्नासावे म्हटले. येशूने बोलवायच्या आधीच आंधळा चालू लागला.

पुढची पाळी हंबीरराव चौगुल्यांची, निवृत्त मास्तर. जुन्या मृत्युपत्रात कलम होते की या माणसाने माझ्या शवपेटीला हात लावू नये. कारण मी चर्चसाठी केलेला वेदीचा कठडा वाकडा आहे, असे ते १९५८ साली भर मंडळीत म्हणाले. कठडा सरळ आहे. फरशी वाकडी आहे. हे मी आजही लिहून देतो. तर त्यांनी माझ्याकडे एकवार पाहिले, शांतपणे एकोणपन्नासावे वाचले, आणि पुढच्या बाईंना एक्कावन्नावर बोट दाखवले. कोणी हसले नाही. चपला घालताना मला म्हणाले, "पिराजी, उद्यापास्नं सांजचं माझ्याकडं यायचं. पाटी हाय माझ्याकडं."

वर्षभर गेलो. एक ओळ त्यांनी, एक मी, सगळा मार्क बोट ठेवून वाचला. अहो, काय पुस्तक आहे! चाळीस वर्षे मी एकेक सुटे वाक्य खिशात घेऊन हिंडलो, आणि येशू आत्ता भेटला. तो रागावतो, दमतो, नावेत उशी घेऊन झोपतो, हे मला त्रेसष्टाव्या वर्षी कळले. पूर्वी प्रार्थनेत मी नुसते डोळे मिटायचो. आता बोलतो.

काल पहाटे कबरस्तानात ईस्टरची उपासना झाली आणि सोळावा अध्याय मी वाचला. येशूच्या कबरेवरची धोंड कोण लोटील म्हणून बायका काळजीत पडतात, तेथे मी अडलो. हंबीरराव शेजारी होते, पण त्यांनी शब्द सांगितला नाही. बयाबाई मागून म्हणाली, "वाचा की. दिसतंय न्हवं तुमास्नी?" दिसत होते. शेवटपर्यंत वाचले.

कलम दुसरे. रंधे, पटाशा, करवती, सगळी हत्यारांची पेटी मुलगी पद्मजा हिला. बाईमाणसाने रंधा धरू नये असे कोठे लिहिले असेल तर मला दाखवावे, आता मी वाचू शकतो.

कलम तिसरे. माझे शास्त्र उपवासकाळात वाचनाच्या घरी फिरते राहावे. कोणी हळूच माणसे मोजताना दिसला, तर त्याला शेजारी बसवून घ्यावे. चारचौघांत काही विचारू नये.

कलम चौथे. हंबीररावांना वस्तू देत नाही, साक्षीदाराला दिलेले टिकत नाही असे तेच म्हणाले. माझ्या शवपेटीचे पुढचे टोक त्यांनी धरावे आणि कठड्याजवळून न्यावे, म्हणजे तो सरळ आहे हे दिसेल.

जुन्या कागदाच्या शेवटी होते की मजकूर वाचून दाखवला, समजला, म्हणून अंगठा केला. येथे तसे नाही. हा मजकूर मीच दोन्ही साक्षीदारांना मोठ्याने वाचून दाखवला, तो त्यांना समजला, म्हणून त्यांनी सह्या केल्या.

कोल्हापूर, सोमवार, १९ एप्रिल १९७६

सही: पिराजी शिमोन आवळे

साक्षीदार:
हंबीरराव नाथान चौगुले
बनाबाई लूकस भोरे