आमच्या संसदेत

मंगळवार, १२ मे, संध्याकाळ

अश्विनीचा ब्रसेल्सहून फोन आला. यंदा घरी येतेस का, एवढंच मला विचारायचं होतं. पण लेक खुशीत होती. युरोपच्या संसदेत खासदारांना स्वतः कायदे मांडता यावेत, म्हणून सह्या गोळा करते आहे म्हणे.

मी म्हटलं, "बाय माझे, पुढाऱ्यांना आणखी एक दार कशाला उघडून देतेस? मी आंब्याचा धंदा उभा केला तो त्यांना न विचारता. त्यांनी वाटेत येऊ नये, एवढी सुधारणा मला पुरे."

ती हसली. "तुमचे पुढारी तसले असतील, बाबा. आमच्या संसदेत तसं नाही चालत."

आमच्या. आपल्या नव्हे. ती तिथली नागरिक झाली तेव्हाही मला एवढं लागलं नव्हतं. दलालाच्या आवाजावरून भाव ओळखणारे हे कान, आज जरा बहिरे असते तर बरं झालं असतं. पुढचा वाद घातलाच नाही. येण्याचं विचारायचंही राहिलं.

फोन ठेवताना म्हणाली, "फणस पिकले का तुमच्याकडे?"

"पिकले की आमच्याकडे," मी म्हटलं.

आमच्याकडे म्हणजे कोणाकडे? तिची आई गेल्यापासून घरात मी एकटाच.