हिच्या दंडावरची गाठ

पिंपळगाव रेणुकाई, ४ फेब्रुवारी १९७४, सकाळ

उठल्याबरोबर घरातल्या एकेकाची विचारपूस केली. पोराचं, रामकिसनचं, पोट साफ. सूनबाई शिवकन्येचा खोकला गेला. म्हैस ठीक. आमच्या कांताबाईला विचारलं तर म्हणे, "मला काय धाड भरलीय?" अन् हातातली परात पडली. हात चाचपला तर उजव्या दंडात, कोपराच्या वर, बोराएवढी गाठ. पोरगा म्हणतो डॉक्टरला दाखवू. डॉक्टर! कॉलेजात बाकं झिजवतात, साधी नाडी धरता येत न्हाई. मी घरबसल्या पुस्तकं वाचून शिकलो. ही चरबीची गाठ. होळीच्या आत विरघळवतो.

७ फेब्रुवारी

गाठ आडवी हलते, उभी हलत न्हाई. हट्टी. मालकिणीवर गेली. टिचकी मारली की मुंग्या थेट करंगळीपर्यंत. म्हणजे दोष बोटातून बाहेर पडून राह्यला! आता रोज जेवणाआधी टिचक्या. ही म्हणते, "अवो, वीज पडल्यागत होतंय." होऊ दे. औषध लागू पडलं.

१५ फेब्रुवारी

शेजारचा भुजंग म्हणतो, "काका, वाढली की वो गाठ." अडाणी. आंबा पिकल्याबिगर गळतो का? उद्या बिब्बा लावतो.

१७ फेब्रुवारी

बिब्बा उतला. दंड भोपळ्यागत. ही म्हणते, "गाठ राह्यली बाजूला, सालटं गेलं." बायकांना धीर म्हणून न्हाई.

२० फेब्रुवारी

रामकिसननं मला न विचारता तिला जालन्याच्या एसटीत बसवलं. मीही चढलो, डॉक्टरचं अज्ञान उघडं पाडायला. डॉक्टर कसला, मिशी फुटलेली न्हाई. म्हणे, "वायरवर रबर असतं ना बाबा, तशी नसेवर खोळ असते. ही गाठ त्या खोळीची. बहुतेक साधीच आहे. नस सांभाळून अलगद सोडवू. टिचकी मारली की नस ओरडते." मंग विचारलं, "हे भाजलं कोणी?" मी म्हणालो, गावात एक वैद्य आहे. तो म्हणाला, "त्याला सांगा, गाठीपेक्षा त्याचीच भीती जास्त. आता कातडी सुकल्याशिवाय ऑपरेशन करता येत नाही."

सांगतो म्हणालो. हिनं तोंडाला पदर लावला. रडली का हसली, कळलं न्हाई.

२१ मार्च

कातडी सुकल्यावर, दोन आठवड्यांमागं गाठ काढली. तपासून आली, कॅन्सर न्हाई. करंगळी बराबर हलते. माझ्या टिचक्यांनीच नस मजबूत झाल्ती, पण श्रेय कोण देतो?

टाके निघाले तरी ही जुन्या जालन्यात भाऊ तातेरावाकडंच. निरोप आला, "घरात वैद्य हाय तवर मी येत न्हाई."

नखरे. आठवड्यात येईल.

९ एप्रिल

आली न्हाई. बिब्बे उकिरड्यावर फेकले. शिवकन्येला शिंक आली तर ती परसात पळते, मी विचारीन म्हणून.

कांते, टाक्याची जागा सुकली का गं? पाटावर बसून एकटा जेवतो. तुझ्या दंडाला बोट लावणार न्हाई, बिलकुल. उद्या कार्डावर हेच लिहितो. त्या हातानं अजून लिहिता येत नसंल तर तातेरावाकडून लिहून घे, पण दोन ओळी जल्दी टाक.