मुआर शाखेचं पुण्य

गुरुवार, ३ जुलै

आज बँकेच्या मुआर गावातल्या शाखेत घोर अन्याय झाला. काउंटरवरच्या बशीत गिऱ्हाइकांसाठी कुइह लापिस ठेवतात, थरांची गोड वडी. तिला नऊ थर असतात, सृष्टीचा नियम आहे तो. आज सात! एकेक थर सोलून खाल्ला, पुराव्यात खोट नको म्हणून. मग शाखाप्रमुख पुआन, म्हणजे बाई, मस्तुरांकडे रीतसर तक्रार.

"पाक वासू, तुम्ही पैसे भरायला येता की थर मोजायला?"

"दोन थर गेले कुठे ते सांगा."

"नारळ महागलाय. जेवलात का?"

"हो," म्हणालो. सकाळपासून पोटात फक्त कॉफी आणि हे सात थर. इथे मलेशियात हा प्रश्न सगळेच सगळ्यांना विचारतात. पुआन मस्तुरा उत्तरासाठी थांबतात, एवढाच फरक.

सोमवार, ७ जुलै

बँकेच्या मुख्य कचेरीतून एन्चिक फदलान आले. पोरगेलासा साहेब, लॅपटॉप छातीशी धरलेला. व्याज न घेणाऱ्या इस्लामी बँकांवर मी वीस वर्षं वर्तमानपत्रात लिहितोय, म्हणून त्यांच्या बारा शाखांची परीक्षा माझ्याकडे. शेवटची येईल ती बंद.

"नुसता नफा मोजला तर आपल्यात आणि इतर बँकांत फरक काय राहिला, सर? निम्मे गुण पुण्याला."

"पुण्य मोजायचं कशात?"

"शाखेनं दान किती दिलं त्यात. सोपं आहे!"

सांगलीच्या पाठशाळेत 'प्रमाण म्हणजे काय' यावर उमेदीची वर्षं घासलेल्या माणसाने तिथेच उठायला हवं होतं. मी मान डोलावली.

मंगळवार, १५ जुलै

आकडे आले. पुण्याईत पहिली — बातू पहात शाखा! तिथले प्रमुख फोनवर नुसते फुलले होते. "दानाला आमच्याकडे कमी नाही, सर!"

कमी कशी असेल? हप्ता चुकला की हे दंड लावणार. दंडाचा पैसा बँकेला खाता येत नाही, धर्माला मंजूर नाही. तो सगळा दानात जातो. म्हणजे कर्जदार जितके अडचणीत, तितकी शाखा पुण्यवान! मीमांसकांच्याही डोक्यात हे आलं नसतं.

आणि मुआर? नफा यथातथा. दान शून्य. नंबर बारावा.

गुरुवार, १७ जुलै

पुआन मस्तुरांना विचारलं, दंड का लावत नाही?

"कोणाला लावू? जमालीच्या होडीचं इंजिन गेलं. हप्त्याच्या आधीच त्याच्या घरी जाऊन बसले, मुदत वाढवून दिली. नडलेल्याला सवड द्या, असं कुराणातच आहे. माझ्या मनचं नाही सांगत."

"आणि दान?"

"उशीरच होऊ दिला नाही, मग दंड कुठला आणि दान कुठलं?" बशी पुढे सरकवली. "आज आठ आहेत. मोजून घ्या."

शेवटची शाखा बंद होणार हे त्यांना माहीत आहे. परीक्षक मी, हेही. त्यावर अवाक्षर नाही. "जेवलात का?" एवढंच.

"हो."

मंगळवार, २२ जुलै

क्वालालंपूर, मुख्य कचेरी. मी नवा रकाना मागितला — दंडाऐवजी सवड किती जणांना दिली, आणि त्यातल्या किती जणांनी पुढे फेडलं.

फदलान म्हणाला, "सर, हे तर शाखेच्या ढिलाईला गुण देणं झालं!"

बँकेचे धर्मसल्लागार उस्ताद खैरी तोवर डोळे मिटून बसले होते. मला वाटलं, झोपले.

"फदलान, बाळा," ते म्हणाले, "लोकांचे पाय मोडून कुबड्या वाटल्या, तर तू काय कुबड्या मोजत बसणार?"

फदलान चहा ढवळत राहिला. साखर नव्हती त्यात.

रकाना मंजूर! मी हे न्यायासाठी केलं की वडीसाठी, हा पूर्वपक्ष तूर्त अनिर्णित.

शुक्रवार, २५ जुलै

मुआर पहिली!! सवड मिळालेल्यांपैकी जवळजवळ सगळ्यांनी फेडलंय. जमालीनेही. शाखा राहणार. बशीत नऊ थर. बातू पहातचे प्रमुख माझा फोन घेत नाहीत.

गुरुवार, ३१ जुलै

पुआन मस्तुरांना बढती. सोमवारपासून त्या क्वालालंपूरला, सगळ्या शाखांना सवड द्यायला शिकवणार. माझ्याच रकान्याची करामत.

निरोपाला गेलो. "जेवलात का, पाक वासू?" — याही वेळी 'हो'च म्हणालो.

बायको, सुमती, गेल्यापासून घरात चूल पेटलेली नाही. थरांचं काही नाही, सात असोत की नऊ. सोमवारनंतर मी जेवलो की नाही हे कोणीच विचारणार नाही, आणि मला त्याची भीती वाटते.