करणीचं चिन्ह

ठाकूरद्वार

प्रिय अपू,

आपण रोज बोलतो, तरी हे पत्र लिहितोय. फोनच्या वेळी तुझी आई शेजारी असते आणि मोबाइल तर तिच्याच हातात असतो.

तिची शिकवणी बंद झालीय. 'कंटाळा आला' असं तिने तुला सांगितलं, ते खरं नाही. गणपतीनंतर एकदा नववीच्या मुलींना बीजगणित शिकवताना तिने फळ्यावरच्या वर्गमुळाच्या चिन्हावर बोट ठेवून विचारलं, "ही बरोबरची खूण कोणी केली गं?" मुली हसल्या. त्यांच्यातली सलोनी मात्र हसली नाही. स्वयंपाकघरात येऊन ती मला सांगून गेली.

परळच्या डॉक्टरांनी मेंदूत गाठ दाखवली. ऑपरेशन झालं (तेव्हा तुला 'गावाला जातोय, रेंज नसेल' असं सांगितलं होतं), थोडी गाठ राहिलीच. शेजारच्या राधाबाई म्हणाल्या, "कुणीतरी करणी केली हो." तुझी आई म्हणाली, "नववीच्या पुस्तकात आख्खं प्रकरण आहे करणीचं. तीच बाधली!" गणितात न सुटणाऱ्या मुळाला करणी म्हणतात, हे राधाबाईंना कुठून कळणार! आम्ही दोघं हसलो.

चिन्ह ओळखू येत नव्हतं, पण गणित शाबूत होतं. म्हणून सलोनी फळ्यावरचं प्रत्येक मूळ घातांकात बदलून लिहायची. चौसष्टचं घनमूळ म्हणजे चौसष्टच्या डोक्यावर एक छेद तीन. की आई लगेच, "चार!" मुलींना वाटायचं, बाई नवी रीत शिकवतायत. "छेद मूळ सांगतो, अंश घात सांगतो," हे चहा गाळता गाळता मलाही पाठ झालं. वाटलं, निभेल असंच.

मग एका दुपारी आठाचा दोन छेद तीन घात आला. आधी घनमूळ, मग वर्ग, उत्तर चार. तिने आठाचा घन केला आणि त्याचं वर्गमूळ काढत बसली. सलोनीच्या चेहऱ्याकडे बघून तिला कळलं. "आज एवढंच," म्हणाली, आणि मोरीत जाऊन कितीतरी वेळ हात धूत राहिली. दुसऱ्या दिवशी मीच मुलींना परत पाठवलं.

डॉक्टर आता दुसरं ऑपरेशन नको म्हणतात. तुझा प्रबंध पुरा होईपर्यंत तुला कळवायचं नाही, अशी तिने मला शपथ घातली होती. ती आज मोडतोय. काल तुझा फोन ठेवल्यावर तिने मला विचारलं, "गोड बोलते हो मुलगी. कुणाची?"

अपू, निघून ये.

तुझाच,
बाबा