दादा उलटा केला तर

प्रिय दादा,

पत्र लिहितेय, कारण फोनवर तू मला बोलू देत नाहीस. माझं वाक्य निम्म्यात आलं की तूच ते पुरं करतोस. आता शेवटपर्यंत गप्प वाच.

मी रागावलेय आणि राग उतरत नाहीये. शनिवारी मी चहा ठेवायला आत गेले नि तू माझ्या खुर्चीत बसलास. आमच्या संगणक वर्गाच्या, घरून पाठवायच्या परीक्षेचा प्रश्न पोरासोरांचा होता, कबूल. दिलेला शब्द उलटा केला तरी तोच राहतो का, एवढं सांगणारा प्रोग्रॅम लिहायचा होता. माझ्या एकोणीस ओळी बघून तू हसलास, हे काय पुराण लावलंस म्हणालास, सगळं पुसलंस आणि तुझी एक ओळ माझ्या नावाने पाठवूनही दिलीस. वर चहात साखर कमी आहे म्हणालास.

सोमवारी सरांनी सगळ्या वर्गासमोर ती तपासली. कनक घातला, सरस घातला, ठीक चाललं. मग घातला 'दादा'. तुझी ओळ म्हणाली, नाही. अरे, मशीन काना वेगळा मोजतं. उलटं केलं की आधी काना येतो, मागून द, आणि सगळा विचका. बावीस वर्षं छापखान्यात अक्षरं जुळवणाऱ्या बाईला हे कळत नसेल? माझ्या पहिल्या बारा ओळी काना-मात्रा आपापल्या अक्षराला बांधून ठेवण्यासाठीच होत्या. तू विचारलंस कुठे? सर म्हणाले, ताई, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती. मी तुझं नाव घेतलं नाही, त्याचाही संताप येतो. नापास झाले. छापखान्यातली अक्षरजुळणी महिनाअखेर बंद होतेय, आणि नव्या विभागात हा वर्ग पास झालेल्यांनाच घेणार आहेत.

शाळा संपल्यावर माझा फॉर्मही तूच भरला होतास. मला गणित हवं होतं. तुला झेपणार नाही म्हणत तू टायपिंग लिहिलंस. तुझा माझ्यावर जीव आहे, ठाऊक आहे मला. म्हणून तर तेव्हा काही बोलले नाही.

रविवारी फेरपरीक्षा आहे. वहिनी म्हणाली, तू मदतीला येणार आहेस. येऊ नकोस. हे सांगायलाच लिहायला बसले. एकोणीस ओळी पुन्हा लिहून काढल्या आणि पहिला शब्द तुझाच घालून पाहिला. उलटा केला तरी दादा दादाच राहतो, असं माझा प्रोग्रॅम म्हणतो. तेव्हा सोमवारी ये, पास झाले तरी नि नापास झाले तरी. साखर तुझी तू घालून घे.

तुझीच,
अजून रागावलेली धाकटी