सतरा चिठ्ठ्या बांधलेल्या फ्लँजची गळती

प्रति,
मा. देखभाल अधिकारी,
औद्योगिक गॅसवाहिनी विभाग.

विषय : घरामागील गॅसलाइनची गळती शोधणे थांबवून ती बंद करण्याबाबत.
संदर्भ : माझी तक्रार निकाली काढल्याचे आपले परवाचे पत्र.

महोदय,

वरील विषयास अनुसरून सविनय कळविते की, आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीपासून सहा पावलांवर आपली गॅसलाइन जाते. दोन पाइप जिथे बोल्टांनी जोडले आहेत, त्या फ्लँजमधून चार महिने गॅस फुसफुसत आहे. माझी मुलगी दीड वर्षाची आहे. ती आणि फ्लँज यांच्यामध्ये एक खिडकी आणि मी, एवढेच आहोत.

२. दर मंगळवारी आपले फिटरदादा येतात, जोडावर ब्रशने साबणाचे पाणी लावतात, बुडबुडे उठतात. मुलगी टाळ्या पिटते. मग "गळती आढळली" अशी पिवळी चिठ्ठी सुतळीने फ्लँजला बांधून ते निघतात. पाचव्या मंगळवारी मी विचारले, बोल्ट आवळून का जात नाही? त्यावर ते म्हणाले, "ताई, मी शोधणाऱ्यांपैकी. आवळणारे वेगळे. आणि नुसतं आवळून भागायचं नाही, आतलं गॅस्केट गेलंय." निदान उत्तम आहे. आवळणारे अद्याप दिसलेले नाहीत.

३. दरम्यान घरात काडी ओढणे बंद. स्वयंपाक दोन गल्ल्या पलीकडे नणंदेकडे होतो. सासरे सिगारेटसाठी थेट बसथांब्यापर्यंत चालत जातात. त्यांचे वजन चार किलोंनी उतरले, त्याबद्दल कार्यालयाचे आभार. यजमानांच्या मते मी राईचा पर्वत करते. मात्र खिडकीजवळून हल्ली तेही चवड्यांवर चालतात.

४. गेल्या मंगळवारी कळस झाला. सतरा चिठ्ठ्यांनी फ्लँज पार झाकला गेला होता, ब्रश आत शिरेना. साबण लावता आला नाही, सबब बुडबुडे दिसले नाहीत, असे फिटरदादांनी प्रामाणिकपणे लिहून दिले. त्यावरून आपण गळती नसल्याचे ठरवलेत.

५. म्हणून काल मी स्वतः चिठ्ठ्या काढल्या. कात्री लोखंडाची, ठिणगीची धास्ती. तेव्हा सुतळ्या दातांनी तोडल्या. चिठ्ठ्यांवरील खुणा माझ्याच दातांच्या आहेत, उंदरांची चौकशी लावू नये. नंतर साबणाचे पाणी लावले. बुडबुडे लिंबाएवढे आले.

तरी विनंती की, आता शोधणारे पाठवू नयेत. गळती सापडली आहे. लाइन बंद करून नवे गॅस्केट बसवणारे पाठवावेत, आणि निघताना त्यांच्या हातात पाना आहे ना, हे आपण जातीने पाहावे. मुलगी मंगळवारी खिडकीत बुडबुड्यांची वाट पाहील. ती सोय मी घरी बादलीत करीन. त्याचा भार कार्यालयावर पडणार नाही.

आपली, अजूनही नम्र,
(सही)
लाइनीलगतच्या तिसऱ्या घरातील आई

दिनांक : १५ मार्च, रविवार

सोबत : पिवळ्या चिठ्ठ्या, मूळ, नग सतरा (पैकी एकीचा कोपरा मुलीने खाल्ला आहे).